पोलिश स्थलांतरित आणि परकी भाषा: सात गैरसमज

1 मे 2004 रोजी पोलंड युरोपीय संघात आला. जुन्या सदस्य देशांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनी पोलिश कामगारांना त्याच दिवशी दारं उघडली. जर्मनी आणि ऑस्ट्रियानं मात्र पूर्ण मोकळीक द्यायला 1 मे 2011 उजाडू दिला. पोटापाण्यासाठी माणसं निघाली ती अर्थातच उघड्या दारांकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2001 च्या जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे 58 हजार लोक होते. 2011 मध्ये ते 5 लाख 79 हजार झाले. इतक्या थोड्या काळात इतकी माणसं आली की त्यांच्याविषयी समज तयार होतात, आणि त्यातले बरेच चुकीचे असतात. सर्वात जास्त चुकीचे समज भाषेबद्दल आहेत. भाषा येणं न येणं ही माणसाच्या दानतीची कसोटी मानली जाते. प्रत्यक्षात ती त्याच्या वाट्याला आलेल्या वेळेची आणि संगतीची गोष्ट असते.

गैरसमज 1: पोलिश माणसं 2004 नंतरच युरोपभर पसरली.

वस्तुस्थिती: हा प्रवास दीडशे वर्षांहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीतल्या रूर खोऱ्यातल्या कोळसा खाणींकडे पोलिशभाषकांचा ओघ होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथं काही लाख पोलिशभाषक राहत होते. पहिल्या महायुद्धानंतर माणसांची वानवा झालेल्या फ्रान्सनं 1919 मध्ये पोलंडशी करार करून खाणकामगार आणले. 1931 पर्यंत फ्रान्समध्ये सुमारे 5 लाख पोलिश लोक होते. 1958 मध्ये युरोपचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला रेमाँ कोपा अशाच एका खाणवस्तीतला. त्याचं मूळ आडनाव कोपाशेव्स्की.

ब्रिटनमधल्या पोलिश वस्तीचा पाया दुसऱ्या महायुद्धात घातला गेला. देशावर सोव्हिएत पकड बसल्यावर परत जाऊ न शकलेल्या पोलिश सैनिकांसाठी ब्रिटिश संसदेनं 1947 मध्ये पुनर्वसन कायदा केला. या इतिहासाचा एक धागा थेट कोल्हापुरात येतो. सोव्हिएत संघात हद्दपार झालेली आणि इराणमार्गे बाहेर पडलेली सुमारे 5 हजार पोलिश माणसं 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. छावणी उठल्यावर त्यांतले अनेकजण ब्रिटनमध्ये आपल्या माणसांकडे गेले. वॉर्सामध्ये आज वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

गैरसमज 2: पोलिश स्थलांतरित म्हणजे कमी शिकलेला, स्वस्तात राबणारा कारागीर.

वस्तुस्थिती: ही प्रतिमा फ्रान्समध्ये 2005 साली घडली. युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत होणार होतं. त्याच सुमारास सेवाक्षेत्र खुलं करण्याचा एक युरोपीय प्रस्ताव गाजत होता. त्यातून ‘पोलिश प्लंबर’ जन्माला आला: कमी मजुरीत काम करून फ्रेंच माणसाचा घास काढून घेणारा. 29 मे रोजी सुमारे 55 टक्के मतदारांनी राज्यघटना नाकारली. फ्रान्सचा श्रमबाजार तेव्हा पोलिश कामगारांना पूर्ण खुलाही नव्हता. तो झाला 2008 मध्ये. पोलंडच्या पर्यटन खात्यानं मात्र या बदनामीला झकास उत्तर दिलं. त्यांनी एका देखण्या प्लंबरचं पोस्टर काढलं, आणि तो फ्रेंचांना सांगत होता की मी पोलंडमध्येच थांबतोय, तुम्हीच या.

2004 नंतर बाहेर पडलेल्यांत तरुण आणि शिकलेल्यांचं प्रमाण मोठं होतं. पदवी घेतलेली माणसं गोदामात खोकी भरत होती, हॉटेलात खोल्या आवरत होती. यामागे भाषा हे एक मोठं कारण होतं. शिक्षक, वकील किंवा परिचारिका यांचं काम बोलण्या-लिहिण्यावर चालतं, भाषा कच्ची असेल तर पदवी पेटीतच राहते. कमी दर्जाच्या कामावर दिसणारा माणूस कमी शिकलेलाच असेल, हा निष्कर्ष म्हणून फसतो.

गैरसमज 3: ते नोकऱ्या हिसकावतात आणि सरकारी भत्त्यांवर जगतात.

वस्तुस्थिती: हे दोन्ही आरोप एकाच दमात केले जातात. ब्रिटनमध्ये दोन्हींची तपासणी झाली. सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीनं 2018 मध्ये अहवाल दिला. युरोपीय स्थलांतराचा स्थानिकांच्या एकूण रोजगारावर आणि वेतनावर फारसा परिणाम दिसत नाही, असं त्यात म्हटलं होतं. कमी कौशल्याच्या कामांत थोडा प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, हेही समितीनं नोंदवलं. भत्त्यांबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तियान डुस्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. 2004 मध्ये संघात आलेल्या पूर्व युरोपीय देशांतून आलेले लोक स्थानिकांपेक्षा भत्ते कमी घेतात आणि सरकारी तिजोरीत घेतात त्याहून जास्त भरतात, असं त्यांना आढळलं. याचं कारण साधं आहे. येणारा माणूस पंचविशी-तिशीतला, धडधाकट आणि कामासाठीच आलेला असतो. त्याच्या शाळेचा खर्च पोलंडनं केलेला असतो.

गैरसमज 4: त्यांना भाषा शिकायचीच नसते.

वस्तुस्थिती: 1940 चं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ब्रिटनच्या हवाई लढाईत 145 पोलिश वैमानिक लढले. त्यांच्या 303 क्रमांकाच्या तुकडीला सुरुवातीला मोहिमेवर पाठवायला अधिकारी कचरत होते. रेडिओवरच्या इंग्रजी आज्ञा त्यांना कळतील का, ही धास्ती होती. त्या आज्ञा त्यांच्याकडून कसून घोटून घेण्यात आल्या. ऑगस्टच्या अखेरीस तुकडी लढाईत उतरली आणि काही आठवड्यांत सर्वात यशस्वी तुकड्यांमध्ये गणली गेली. शिकवणारा होता, गरज होती, सराव होता, त्यामुळे भाषा आली.

आता शेतावर किंवा मांस-कारखान्यात काम करणाऱ्याची स्थिती पाहा. एजन्सी पोलिश, मुकादम पोलिश, शेजारच्या यंत्रावरचा माणूस पोलिश, राहण्याची खोलीही त्यांच्याबरोबरच. पाळी दहा-बारा तासांची. त्यात वर्षभरात परत जायचा बेत. बोलायचं कुणाशी आणि शिकायचं कधी? सरकारी धोरणही इथं आड येतं. नॉर्वेत पोलिश हा सर्वात मोठा स्थलांतरित गट आहे, पण निर्वासितांना मिळणारा मोफत भाषा-प्रशिक्षणाचा हक्क युरोपीय कामगारांना नाही. शिकायचं तर पदरमोड करायची. जर्मनीच्या एकात्मता अभ्यासक्रमात साधारण 600 तास भाषा शिकवली जाते, पण युरोपीय नागरिकाला तिथं हक्कानं प्रवेश नसतो, जागा उरली तर मिळते. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सरकारी इंग्रजी वर्गांचा निधी 2009 नंतरच्या सहा-सात वर्षांत निम्म्याहून खाली आला.

इतकं असूनही चित्र निराशाजनक नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजी ही मुख्य भाषा नसलेले सुमारे 51 लाख लोक होते. त्यातल्या दर पाचांपैकी चौघांनी आपल्याला इंग्रजी चांगलं किंवा उत्तम येतं असं नोंदवलं. अजिबात येत नाही असे सुमारे 1 लाख 61 हजार निघाले. ही आकडेवारी सर्व भाषकांची मिळून आहे आणि त्यांत पोलिश बोलणारेच संख्येनं सर्वाधिक आहेत.

सक्तीनं काय साधतं, हेही इतिहासात दिसतं. 1908 च्या जर्मन कायद्यानं जाहीर सभांमध्ये जर्मन बंधनकारक केली आणि रूरमधल्या पोलिश संघटनांचा गळा आवळला. भाषेची गोडी लागावी असं त्यात काहीच नव्हतं.

गैरसमज 5: मोठेपणी भाषा येत नाही, आणि उच्चार परका असेल तर भाषा कच्चीच.

वस्तुस्थिती: नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांवरचा एक अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत सर्वात वेगानं पुढे गेले ते किशोरवयीन आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं मागे होती. लहान मुलांचा फायदा दिसतो तो लांबच्या पल्ल्यात, विशेषतः उच्चारात. मोठ्यांना व्याकरणाचे नियम पटकन कळतात, पण चुकायची लाज वाटते आणि वेळ मिळत नाही.

उच्चाराबद्दल जोसेफ कॉनरॅडचं नाव घ्यायलाच हवं. 1857 मध्ये पोलिश कुटुंबात जन्मलेला हा माणूस विशीत पोचल्यावर जहाजांवर काम करता करता इंग्रजी शिकला. इंग्रजीतल्या थोर कादंबरीकारांत त्याची गणना होते. पण त्याच्या बोलण्यातला परका उच्चार अखेरपर्यंत गेला नाही. काउंटरवर पोलिश वळणाचं इंग्रजी ऐकताच तोंड वाकडं करणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. उच्चारावरून माणूस कुठून आला ते कळतं, त्याला किती कळतं ते कळत नाही.

याच्या उलट टोकाचा समजही खोटा आहे. नुसतं त्या देशात राहिल्यानं भाषा आपोआप येत नाही. वीस वर्षं राहूनही दुकानापुरतं बोलणारे लोक प्रत्येक देशात आहेत. राहण्यानं संधी मिळते, पण भाषा येते ती बोलण्यानं.

गैरसमज 6: घरी पोलिश बोललं की मुलं शाळेत मागे पडतात.

वस्तुस्थिती: या भीतीपोटी अनेक आईबापांनी आपल्याच मुलांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. कधीकधी शिक्षकांनीही तसा सल्ला दिला. हा सल्ला चुकीचा आहे. मुलाला शाळेची भाषा शाळेत आणि मित्रांत भरपूर मिळते. घरी त्याला समृद्ध भाषा लागते, आणि ती आईबापांना ज्या भाषेत नीट सांगता येतं तीच असते. घरी कच्चं इंग्रजी दिलं तर मुलाला दोन्हीकडून तोटा होतो.

ब्रिटनमध्ये शनिवारच्या पोलिश शाळांची परंपरा जुनी आहे. त्यांची मध्यवर्ती संस्था 1953 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. आयर्लंडनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथं शालान्त परीक्षेत पोलिश हा रीतसर विषय झाला आणि 2022 मध्ये पहिली तुकडी त्याची परीक्षा देऊन बाहेर पडली. स्थलांतरितांची भाषा हे देशाचंही धन आहे, असं एका सरकारनं मान्य केल्याची ही खूण आहे.

गैरसमज 7: पोलिश लोक गोरे आणि ख्रिस्ती, त्यांना कसला भेदभाव?

वस्तुस्थिती: 1911 मध्ये मारी क्युरी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याकडे एक नोबेल पारितोषिक होतं. तरी उजव्या वृत्तपत्रांनी त्यांचं परकेपण उगाळलं, आणि त्या हरल्या. नेदरलँड्समध्ये 2012 मध्ये कट्टर उजवे नेते खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षानं मध्य आणि पूर्व युरोपीय लोकांविरुद्ध तक्रारी नोंदवायला संकेतस्थळ उघडलं. युरोपीय संसदेनं त्याचा निषेध केला. जून 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर इंग्लंडमधल्या हंटिंगडनमध्ये पोलिश लोकांना शिवीगाळ करणारी कार्डं सापडली आणि लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या पोलिश सांस्कृतिक केंद्रावर द्वेषाची अक्षरं उमटली. त्याच केंद्रात मग शेजाऱ्यांनी फुलं आणून दिली. ही दुसरी बातमीही तितकीच खरी आहे.

विरोध करणारा प्रत्येकजण द्वेष्टाच असतो, हाही एक गैरसमजच. लिंकनशायरमधल्या बॉस्टन या छोट्या शेतीप्रधान गावात काही वर्षांतच दहापैकी एक रहिवासी नव्या सदस्य देशांतला झाला. तिथं 75.6 टक्के मतं ब्रेक्झिटच्या बाजूनं पडली, ती देशात सर्वाधिक होती. लंडनच्या ईलिंग भागातही पोलिश वस्ती मोठी आहे, पण तिथं बहुमत युरोपात राहण्याच्या बाजूनं गेलं. ईलिंगला परक्यांबरोबर राहायची पिढ्यांची सवय होती. बॉस्टनमध्ये बदल अचानक आला. स्थलांतरितांनी भरलेला कर राष्ट्रीय तिजोरीत गेला, पण गर्दी गावच्या दवाखान्यात आणि भाड्याच्या घरांत झाली. ही तक्रार खोटी नव्हती. तिचा रोख मात्र निधी न पाठवणाऱ्या सरकारकडे असायला हवा होता.

आज चक्र फिरलं आहे. ब्रिटनमधल्या पोलिश लोकांची संख्या 2017 नंतर उतरत गेली. पोलंडमध्ये पगार वाढले, आणि 2022 पासून तिथं सुमारे दहा लाख युक्रेनियन निर्वासित राहत आहेत. भत्त्यासाठी येतात, भाषा शिकत नाहीत, असं आता पोलंडमध्ये युक्रेनियन लोकांबद्दल बोललं जातं. पोलिश माणसानं जे ऐकून घेतलं तेच त्याच्या देशात दुसऱ्याला ऐकावं लागत आहे. हे दोष पोलिश माणसाचे नव्हते आणि युक्रेनियन माणसाचेही नाहीत. नव्यानं येणाऱ्या कुणावरही हा ठपका बसतो, हे यावरून उघड होतं.

मराठी वाचकानं हे समजून घ्यायला आणखी एक कारण आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. जर्मन शिकून तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना पोलिश अनुभवातून काही गोष्टी घेता येतील. जाण्यापूर्वी निदान मध्यम पातळी गाठावी. तिथं गेल्यावर राहायची आणि कामाची जागा निवडताना फक्त आपल्याच माणसांत अडकू नये. करारात भाषा शिकण्याचे तास कामाच्या वेळेत मागून घ्यावेत. चुकत बोलावं, पण बोलावं. आणि मुलांशी घरी बिनधास्त मराठीत बोलावं.

इथं राहणाऱ्या आपल्यालाही एक काम आहे. पुण्यात, मुंबईत, नाशकात बाहेरून कामाला आलेला माणूस अडखळत मराठी बोलू लागला, की आपण पटकन हिंदीवर जातो आणि नंतर तो मराठी शिकत नाही म्हणून चिडतो. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं आणि उत्तर मराठीतच द्यावं. कुठल्याही देशात भाषा अशीच येते, समोरच्यानं दिलेल्या चार मिनिटांत.