बंदुकीची गोष्ट (भाग ९) : भांडण दुसऱ्या गोळीचं

मागच्या भागात आपण बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल उघडून पाहिली. दांडी उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलून दाबली की नवं काडतूस आत. आता प्रश्न खरेदीचा. अमेरिकेत हरणांचा मोसम जवळ आला की बंदुकीच्या दुकानांत एक जुनं भांडण हमखास उकरलं जातं : रायफल माउझरच्या घराण्यातली घ्यावी की रेमिंग्टनच्या?

माउझर म्हणजे जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावचा पॉल माउझर. त्याच्या १८९८ च्या लष्करी रायफलीत बोल्टच्या उजव्या अंगाला पोलादाची एक लांब, लवचिक नखी आहे. काडतूस मॅगझिनमधून वर सरकतानाच त्याची कड या नखीखाली जाते, आणि तिथून पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत नखी त्याला सोडत नाही. हे त्याने केलं ते घाबरलेल्या सैनिकासाठी. गोळीबारात माणूस दांडी अर्धवट पुढे नेतो, गोंधळून मागे ओढतो, पुन्हा पुढे ढकलतो. नखीने धरलेलं काडतूस बोल्टबरोबर मागे येतं आणि बाहेर पडतं. नखी नसेल तर पहिलं काडतूस नळीच्या तोंडाशीच राहतं, दुसरं त्याच्या बुडावर जाऊन आदळतं आणि बंदूक अडकते. ही रचना इतकी पटण्याजोगी होती की अमेरिकेने आपल्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत ती उचलली, आणि त्यापायी माउझर कंपनीला स्वामित्वशुल्क मोजलं.

रेमिंग्टन ७०० बाजारात आली १९६२ मध्ये. तिचा बोल्ट काडतुसाला धरत नाही, फक्त ढकलतो. बोल्टच्या तोंडातली छोटी कडी काडतुसाच्या कडेवर चढते ती अगदी शेवटी, बोल्ट बंद होताना. बदल्यात मिळतं ते हे : काडतुसाच्या बुडाभोवती पोलादाचं सलग कडं राहतं, आणि बंदुकीचा मधला भाग गोल दांड्यातून कातता येत असल्याने तो सरळ, ताठ आणि स्वस्त होतो. ‘ढकलणारी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या याच रचनेवर अमेरिकी मरीन दलाची एम-४० आणि लष्कराची एम-२४ या नेमबाजांच्या रायफली उभ्या राहिल्या. अचूकतेसाठी नखी लागत नाही, हे तिथेच सिद्ध झालं.

मग भांडण इतकं टिकलं कसं? माझ्या मते त्याला विंचेस्टर कंपनी जबाबदार आहे. तिचं मॉडेल ७० हे १९३६ पासूनचं, नखीवालं आणि शिकाऱ्यांचं लाडकं. मजुरी वाढत गेली तशी हातकामाची ही रायफल परवडेना, म्हणून १९६४ मध्ये कंपनीने नखी काढून टाकली आणि दस्त्यावरची हाताने कोरलेली नक्षी साच्याने दाबून उठवली. गिऱ्हाईक चिडलं. खरं तर नवी रायफल मारा वाईट करत नव्हती. ती दिसायला स्वस्त होती, आणि लोकांनी तो राग नखीच्या नावावर मांडला. त्या दिवसापासून ‘चौसष्टपूर्व’ मॉडेल ७० ला जुन्या बाजारात वेगळा भाव आहे. १९९० च्या दशकात कंपनीने नखी परत आणली, पण भाव काही खाली आला नाही.

नखीचा फायदा खरा आहे, पण तो पहिल्या गोळीला नसतो. पहिली गोळी शिकारी शांतपणे, आधीच भरून ठेवतो. नखी कामाला येते ती दुसऱ्या गोळीला, घाईत. म्हणून विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारायचं ते एवढंच : पहिली गोळी चुकली किंवा नीट लागली नाही, तर समोरचं जनावर काय करेल? हरीण पळून जाईल. आफ्रिकेतली जखमी रानम्हैस अंगावर येईल. तिथले व्यावसायिक शिकारी नखीचा आग्रह धरतात तो म्हणून. पेनसिल्व्हेनियात मचाणावर बसून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट बघणाऱ्याने तोच आग्रह धरला तर तो हौसेपोटी. हौसेला मोल नसतं, फक्त ती गरज म्हणून सांगू नये.

माउझरचंच यंत्र असलेली एक रायफल हिंदुस्थानात फार गाजली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेटला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी कॉर्बेटची अगदी जवळून गाठ पडली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती. उजव्या हाताने रायफल हळूहळू फिरवत त्याने एकच गोळी झाडली आणि वाघीण जागेवर संपली. त्या स्थितीत बोल्ट ओढणं अशक्यच होतं. नखी जगातली उत्तम, आणि तिचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता.

आपल्याकडे अर्थात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवला. परवान्यावर दिसते ती बहुधा इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५, कारण .३०३ हे लष्करी मापाचं म्हणून सामान्य परवान्यावर मिळत नाही. तिथे निवड कायद्यानेच करून ठेवलेली असते.

परदेशात घेणाऱ्याने नखीपेक्षा सेफ्टीकडे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. मॉडेल ७० च्या सेफ्टीला तीन जागा आहेत. मधल्या जागी बार उडू शकत नाही आणि बोल्ट मात्र उघडतो, म्हणजे भरलेली रायफल निर्धोकपणे रिकामी करता येते. जुन्या रेमिंग्टन ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकत असे. काडतूस काढायला सेफ्टी सोडावीच लागे, नेमकी ज्या क्षणी ती सोडू नये त्या क्षणी. १९८२ मध्ये कंपनीने ती अडकण काढली. त्याआधीची जुनी ७०० घेत असाल तर जाणत्या कारागिराकडून चाप तपासून घ्या. या रायफलींच्या चापावरून अमेरिकेत पुढे बरेच खटले झाले आणि तडजोडीत कंपनीने चाप बदलून देण्याचं मान्य केलं.

अचूकतेच्या जाहिरातींकडे मात्र फार लक्ष देऊ नये. शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभर वर्तुळात, ही हमी आता बऱ्याच कंपन्या देतात. समजा तुमची रायफल दीड इंचात मारते. दोनशे यार्डांवर ते वर्तुळ तीन इंचांचं होईल, आणि हरणाच्या छातीतला मर्मभाग त्याच्या दुपटीहून मोठा असतो. उरलेली चूक खांद्याची, श्वासाची आणि चाप झटकणाऱ्या बोटाची.

म्हणून दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दुर्बीण थेट डोळ्यासमोर आली नाही, मान ताणावी किंवा दाबावी लागली, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. वजनात फार काटकसर नको. हलकी रायफल डोंगर चढताना सुखाची, पण तीच खांद्याला जोरात हाणते. मग माणूस धक्क्याच्या भीतीने बार काढतानाच डोळे मिटतो. दांडी किती उचलावी लागते तेही बघा. बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या दोन खिट्ट्या असलेल्या माउझरला जवळजवळ काटकोन लागतो, ब्राउनिंगच्या तीन खिट्ट्यांच्या ए-बोल्टला साठ अंश. दुर्बीण खाली बसवली असेल तर हा फरक हातमोज्यातल्या बोटांना कळतो.

डावखुऱ्यांना हे सगळं नंतर. दांडी डाव्या बाजूला असलेल्या रायफली बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, आणि त्यांतही ठरावीक काडतुसांपुरत्याच. कोणतं काडतूस कशाला, .२७० का .३०-०६, हे पुढच्या रविवारी.