यंत्रसैनिकांचा बाजार : साच्याची कमाई कोणाची?

खेळणी म्हणजे मुलांचा माल, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या कारखानदारांनी हा समज खोटा ठरविला आहे. तेथे जेमतेम इंचभर उंचीचे सैनिक बनतात आणि त्यांचे गिऱ्हाईक बहुधा कमावती माणसे असतात. सुटे भाग घरी जोडायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे, मग टेबलावर मांडून फाशांनी लढाई खेळायची, असा हा शौक. येथील गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या आघाडीच्या १०० कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. यावरून या धंद्याचा आवाका कळावा.

आम्ही येथे त्याच शहरातील, पण आकाराने बऱ्याच लहान असलेल्या वॉरलॉर्ड गेम्सच्या मालाकडे लक्ष वेधू इच्छितो. ही कंपनी २००७ साली सुरू झाली. २०१२ साली तिने ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेबरोबर दुसऱ्या महायुद्धावरील ‘बोल्ट ॲक्शन’ हा खेळ काढला. २०१६ साली ‘कॉन्फ्लिक्ट ४७’ आला. त्याची कल्पना क्लॉकवर्क गॉब्लिन या छोट्या संस्थेची. यात इतिहासच बदलला आहे. महायुद्ध १९४५ मध्ये संपत नाही, १९४७ उजाडले तरी चालूच राहते, आणि रणांगणावर पायांनी चालणारे रणगाडे व यंत्रसैनिक उतरतात.

व्यापाराची मेख पुढेच आहे. नव्या खेळाचे नियम ‘बोल्ट ॲक्शन’च्याच पायावर बेतले. त्यामुळे गिऱ्हाइकाने आधी घेतलेले साधे सैनिक या खेळातही चालतात. त्याने फक्त दोन-चार यंत्रे वाढवायची. नवा माल आला म्हणून जुना माल दुकानात पडून राहिला नाही. उलट एकाने दुसऱ्याला उठाव दिला.

दुसरी गोष्ट साच्याची. ओतकाम करणाऱ्या आमच्या वाचकांना ती सहज समजेल. प्लॅस्टिकचा नग स्वस्त पडतो, पण त्याचा पोलादी साचा फार महाग. हजारो नग खपले तरच तो परवडतो. म्हणून कमी खपाचा माल रबरी साच्यात काढतात. दोन रबरी चकत्यांमध्ये नमुना दाबून, उष्णता देऊन साचा तयार करतात. तो गरगर फिरवीत मध्यभागी वितळलेला कथिलाचा मिश्रधातू ओततात. फिरण्याच्या जोराने धातू बारीक कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. फसलेला नग पुन्हा वितळवता येतो. मोठ्या यंत्रांसाठी रेझिन वापरतात. ‘कॉन्फ्लिक्ट ४७’चा सुरुवातीचा माल असाच धातू व रेझिनमध्ये निघाला. आधी मागणी पाहायची, मग भांडवल गुंतवायचे, हा त्यातला हिशेब.

आता मात्र या कारागिरांसमोर नवे संकट उभे आहे. संगणकावरील आराखड्यावरून रेझिनची मूर्ती घरच्या टेबलावर छापणारी यंत्रे स्वस्त झाली आहेत. नमुना बनविणारे कलावंत थेट आराखडाच विकू लागले आहेत. अशा वेळी जो केवळ ओतून देतो, त्याची मजुरी धोक्यात येते; ज्याच्या मालकीचा नमुना आहे, तो तग धरतो.

आपल्याकडे पितळ, लाकूड किंवा कापडाचे काम करणाऱ्या भावांनीही यावर विचार करावा. हातात हुनर आहे, यात शंका नाही. पण नमुना व्यापाऱ्याचा आणि घाम आपला, असे किती दिवस चालणार? वर्षाला एक तरी नमुना स्वतःचा काढावा, त्याची कायदेशीर नोंदणी करावी आणि थोड्या नगांनी बाजार अजमावावा. मजुरीवर घर चालते. मालकीवर धंदा उभा राहतो.