लस टोचल्यावर गाठ का येते?

दीड महिन्याच्या बाळाला लस दिली की दोन दिवसांत मांडीवर छोटीशी गाठ हाताला लागते. मग घरात चर्चा सुरू होते. ‘सुई चुकली’, ‘औषध आत साचलं’, ‘पुढचा डोस नको’. माता-भगिनींनो, या गाठीमागचे कारण समजून घेतले तर भीती कमी होईल.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. गाळाचे बारीक कण तुरटीमुळे तयार होणाऱ्या पुंजक्यांना चिकटतात आणि तळाशी बसतात. एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे कण असे चिकटून राहणे, याला अधिशोषण म्हणतात. पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो नारळाच्या करवंटीचा कोळसाही हेच करतो. त्याच्या असंख्य बारीक छिद्रांत रंग आणि वास देणारे पदार्थ अडकतात.

प्रथिनेही अशी चिकटतात. पण सगळी सारखी नाहीत. काही खनिजावर घट्ट बसतात, काही सहज निसटतात. या फरकाचा उपयोग करून शास्त्रज्ञ मिसळलेली प्रथिने वेगळी करतात. रक्तातील प्रथिनांचा अशा पद्धतींनी अभ्यास करणारे स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांना 1948 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लसीत याच गुणाचा दुसरा उपयोग होतो. घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसीत जंतूच्या विषापासून बनवलेले, पण निरुपद्रवी केलेले प्रथिन असते. एकट्या प्रथिनाला शरीर फारसा प्रतिसाद देत नाही. 1926 साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाचे असे प्रथिन तुरटीसोबत दिले, तेव्हा प्रतिकार अधिक चांगला तयार झाला. आजही पेंटाव्हॅलेंट आणि टीडी लसींत प्रथिने ॲल्युमिनियमच्या शुद्ध क्षारांवर चिकटवलेली असतात. त्यातील ॲल्युमिनियम एका डोसमध्ये दीड मिलिग्रॅमहूनही कमी असते. हे क्षार टोचलेल्या जागी रोगप्रतिकारक पेशींना जागे करतात. म्हणून तिथे थोडी सूज, दुखणे आणि कधी छोटी गाठ येते. सहसा ती आपोआप विरते, काहींना त्यासाठी काही आठवडे लागतात.

अशा लसी गोठल्या तर क्षारांचे गोळे होतात आणि लस निकामी ठरते. म्हणून त्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. नर्सताई लस घेऊन आल्या की बर्फाच्या पेटीकडे इतके लक्ष देतात, ते यासाठीच.

घरी काय करावे?

• गाठ चोळू नका. गरम शेक देऊ नका, हळद किंवा लेप लावू नका. दुखत असेल तर स्वच्छ ओले थंड फडके ठेवा.
• ताप आल्यास औषध नर्सताईंनी सांगितलेल्या मात्रेतच द्या.
• गाठ लाल व गरम होऊन वाढू लागली, पू झाला, ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, झटके आले किंवा बाळ दूध ओढेना, तर लगेच दवाखान्यात न्या.

गाठ आली म्हणून पुढचा डोस चुकवू नका. पेंटाव्हॅलेंटचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी असतात, नंतर दीड ते दोन वर्षांत व पाचव्या-सहाव्या वर्षी डीपीटीचे बूस्टर. मुलांना 10 व 16 व्या वर्षी आणि गरोदर बाईला टीडी द्यावी. एक-दोन डोसवर थांबलेले बाळ घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातापासून पुरेसे सुरक्षित नसते. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा आणि तारीख चुकली असेल तर आजच आशाताईंना विचारा. उशिरा घेतलेला डोसही उपयोगी पडतो.