हिवरे बाजार: माथ्यावरचे चर आणि ग्रामसभेतला पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर, नगर तालुक्यात, हिवरे बाजार हे सव्वा हजाराच्या आसपास लोकवस्तीचे गाव आहे. भोवती डोंगर आणि सुमारे ९७६ हेक्टरांचे शिवार. गाव पर्जन्यछायेत असल्याने वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरच पाऊस होतो, आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळून जातो. एकेकाळी हे गाव पैलवानांसाठी ओळखले जाई. १९७२च्या दुष्काळाने त्याची घडी विस्कटली. विहिरी आटल्या, सरपणासाठी डोंगर बोडके झाले, उघड्या उतारांवरची माती प्रत्येक पावसाबरोबर ओढ्यात गेली. ज्यांना जमले त्यांनी पुणे-मुंबईची वाट धरली आणि मागे राहिलेल्यांपैकी अनेक जण हातभट्टीकडे वळले. गावात दारूचे बावीस अड्डे होते. सरकारी कर्मचाऱ्याची इथे बदली झाली की ती शिक्षा समजली जाई.

१९८९मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंचपदासाठी उभे राहण्याची गळ घातली. ते पुण्यात एम.कॉम. शिकलेले, क्रिकेट खेळणारे, आणि गावातले एकमेव पदव्युत्तर पदवीधर होते. निवडणूक बिनविरोध झाली. त्यानंतर तरुणांनी हाती घेतलेले पहिले काम मात्र पाण्याचे नव्हते, शाळेचे होते. शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते आणि तेही नीट भरत नसत. गावकऱ्यांनी अंगमेहनतीने खोल्या उभ्या केल्या, पुढचे वर्ग सुरू करून घेतले. हा क्रम विचार करून ठरलेला दिसतो. डोंगरावर चर खणले तर त्यांचे फळ दिसायला दोन-चार पावसाळे जातात, आणि ते कोणाच्या विहिरीला लागेल हे आधी सांगता येत नाही. शाळेची भिंत आठवड्याभरात डोळ्यांसमोर उभी राहते आणि ती सगळ्यांच्या लेकरांची असते. भांडणांनी पोखरलेल्या गावाला एकत्र काम करण्याची सवय अशाच कामातून लागते.

मग डोंगराची पाळी आली. जवळच्या पारनेर तालुक्यात अण्णा हजारे यांनी १९७५पासून राळेगणसिद्धीत जे काम उभे केले होते, त्याचा नमुना समोर होता. पाणलोटाच्या कामाचे सूत्र ‘माथा ते पायथा’ असे सांगितले जाते. आधी डोंगरमाथ्यावर पाणी अडवायचे, मग उतारावर आणि शेवटी ओढ्या-नाल्यात. हा क्रम उलटा केला तर खालचे बंधारे पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच गाळाने भरतात. उतारावर एकाच पातळीच्या रेषेत आडवे खणलेले सलग समतल चर हे या कामाचे मुख्य साधन. निघालेली माती खालच्या अंगाला भरावासारखी रचतात आणि तिच्यावर गवत व झाडे लावतात. धावत येणारे पाणी चरात थांबते, सावकाश मुरते आणि माती जागच्या जागी राहते. हिवरे बाजारच्या डोंगरांवर असे सुमारे ४० हजार चर खणले गेले. त्यांतले बरेच काम रोजगार हमी योजनेच्या पैशातून झाले, हे स्पष्ट सांगायला हवे. गावाने नुसत्या श्रमदानावर सगळे उभे केले असे म्हटले जाते, पण ते खरे नाही. मजुरीचा पैसा सरकारचा होता. झाडे लावणे, ती जगवणे, डोंगरावर राखण करणे आणि झालेल्या कामावर लक्ष ठेवणे हे गावाचे होते. योजनेतून खणलेले चर महाराष्ट्रात हजारो गावांत आहेत. त्यांतले अनेक बुजून गेले, कारण त्यांना कोणी वाली नव्हता.

१९९४मध्ये गावाची राज्याच्या आदर्शगाव योजनेत निवड झाली. या योजनेत सामील होणाऱ्या गावाला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे मान्य करावी लागत. यांतली सर्वांत अवघड चराईबंदी होती. डोंगर मोकळा सोडला की गवत उगवते हे सगळ्यांना कळते, पण ज्याच्या दाव्याला चार शेळ्याच आहेत त्याने पहिली दोन वर्षे काय करायचे? मोकाट चराई थांबवून गवत कापून न्यायची मुभा, हा त्यावरचा तोडगा ठरला. डोंगर सावरला तसा चारा वाढला. २०००मध्ये सुमारे १०० टन गवत निघत होते, २००४मध्ये ते ६,००० टनांवर गेले. शेळ्यांच्या जागी गाई-म्हशी आल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिवसाला दीडशे लिटर असणारे गावाचे दूध पुढे ४,००० लिटरांपर्यंत पोहोचले. दारूचे अड्डे बंद करतानाही नुसती बंदी घातली नाही. भट्टी लावणाऱ्यांना दुसरा धंदा सुरू करता यावा म्हणून बँकेचे कर्ज मिळवून दिले गेले.

इथपर्यंतची गोष्ट पाणी अडवण्याची आहे आणि ती अनेक गावांनी करून दाखवली आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण मुरवलेले पाणी वापरण्यात आहे. ते समजण्यासाठी पायाखालचा खडक पाहावा लागतो. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात जमिनीखाली बेसाल्टचा कातळ आहे. वाळूच्या थरासारखे त्याच्यात पाणी साठत नाही. वरचा मुरूम आणि कातळातल्या भेगा, एवढीच काय ती साठवण. एका पावसाळ्यात ती भरते आणि उपसा जास्त झाला की फेब्रुवारीतच रिकामी होते. शिवाय भेगा बांध ओळखत नाहीत. एकाने खोल बोअर घेऊन मोटर लावली की शेजारच्याची विहीर कोरडी पडते. म्हणून शंभर हातांनी मुरवलेले पाणी दोन-चार बोअर एका उन्हाळ्यात संपवू शकतात. श्रमदान करून पाणी आणलेल्या गावांत ऊस उभा राहिला आणि पाच वर्षांत पुन्हा टँकर आला, असे घडते ते यामुळेच.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, आणि ऊस व केळी या पिकांनाही. पाणी उघड्या विहिरींतून घ्यायचे, म्हणजे पातळी सगळ्यांना दिसते. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत सुरू झाली. गावात पर्जन्यमापक आहेत आणि काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवलेल्या आहेत. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, किती पाणी जमिनीत राहिले याचे गणित मांडून ते ग्रामसभेपुढे ठेवतात. आधी माणसांचे पिणे आणि जनावरे यांचा वाटा बाजूला काढायचा आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत कोणते पीक किती क्षेत्रात घ्यायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी पिणारे पीक त्या साली घ्यायचे नाही. आपल्या रानात काय पेरावे हे दुसऱ्याने सांगितलेले शेतकऱ्याला सहसा रुचत नाही. इथे ते ऐकले जाते, कारण आकडे बाहेरच्या कचेरीतून येत नाहीत, स्वतःच्या विहिरीत सोडलेल्या टेपवर दिसतात. पुढे राज्याच्या आदर्शगाव योजनेतही पाच सूत्रांची सात झाली. वाढलेल्या दोनांपैकी एक बोअरवेलबंदी आहे, दुसरी लोटाबंदी, म्हणजे उघड्यावर शौचाला जाण्यास मनाई.

परिणामांचे आकडे अनेकदा छापून आले आहेत. १९९५मध्ये १८० कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. २०१०मध्ये तीन उरली. शहरात गेलेली कुटुंबे परतू लागली, चाळीसच्या आसपास तरी. जमीन बाहेरच्याला विकायची नाही असा ठरावही गावाने केला. नगर-पुण्याच्या पट्ट्यात जमिनींचे भाव कसे चढले हे पाहता तो दूरदृष्टीचा म्हणावा लागेल. गावात मुस्लिम कुटुंब एकच असून त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली. २०२१मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा गावातल्या तरुणांच्या पथकांनी घरोघर तपासणी केली. रुग्णांना वेळीच वेगळे ठेवले आणि मे महिन्यापर्यंत गाव कोरोनामुक्त झाले. पोपटराव पवार यांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

एका गावात जमले ते शेकडो गावांत जमेल का, याची मोठी चाचणी पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत झाली. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या या संस्थेने २०१६मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत स्पर्धा घेतली, तेव्हा ११६ गावे उतरली. २०१८पर्यंत ती ७५ तालुक्यांत गेली. गावातून निवडलेले स्त्री-पुरुष आधी प्रशिक्षण घेत, मग ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस टिकाव, फावडे, घमेले घेऊन गाव शिवारात उतरे. उन्हाच्या तडाख्यातून वाचायला काम पहाटे किंवा रात्री चाले. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून माणसे येत. पहिला मान कोरेगावच्या वेळू गावाला मिळाला, २०१७मध्ये आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला, २०१८मध्ये माणच्या टाकेवाडीला आणि २०१९मध्ये बार्शीच्या सुर्डीला. त्यानंतर संस्थेने वॉटर कप थांबवला आणि पाण्याच्या वापराकडे मोर्चा वळवला. समृद्ध गाव स्पर्धा आली, मग गटशेतीवर भर देणारा फार्मर कप.

श्रमदानात एक प्रश्न फारसा विचारला जात नाही. चर खणायला भूमिहीन मजूरही येतो, विहीर मात्र जमीनवाल्याची भरते. गवत आणि दूध यांत वाटा मिळाला, गावातच बारा महिने मजुरी मिळाली, हंगामाला ऊसतोडीसाठी बिऱ्हाड हलवावे लागले नाही, तरच त्याच्या घामाची परतफेड होते. हिवरे बाजारात चाऱ्याला आणि दुधाला जे महत्त्व मिळाले ते या दृष्टीनेही पाहायला हवे. बायांचा हिशोब आणखी वेगळा. पाण्यासाठीची पायपीट त्यांचीच होती, म्हणून वॉटर कपच्या अनेक गावांत पहिल्यांदा घमेले उचलले ते त्यांनी.

चरांचे आयुष्यही मर्यादित असते. दर पावसाळ्यात थोडी माती आत येते, कडा ढासळतात, जनावराच्या खुराने भराव फुटतो. काही वर्षांनी चर उथळ होतो आणि पाणी त्याच्यावरून वाहू लागते. त्यासाठी पाऊस सुरू होण्याआधी कोणालातरी डोंगर चढून पाहावा लागतो, फुटलेले भराव पुन्हा रचावे लागतात, गाळ काढून तो शेतात टाकावा लागतो. या कामाचा फोटो छापून येत नाही आणि त्याला बक्षीस नसते. ज्या गावांत ते दरवर्षी होते, तिथल्या विहिरींना मार्च उजाडल्यावरही पाणी असते.