कॉकाटील : छंद, प्रदर्शन आणि वैद्यकीय दृष्टी

एखादा छंद जोपासावा, असे आपण रुग्णांना जितक्या आग्रहाने सांगतो, तितक्या आग्रहाने स्वतःला सांगत नाही. बमरोलीसारख्या यंत्रमागांच्या गजबजलेल्या वस्तीत बागेला जागा मिळणे कठीण. परंतु गच्चीच्या सावलीत एक प्रशस्त पिंजरा सहज मावतो. तेथे मी कॉकाटील पाळतो. या छंदाला वैद्यकीय दृष्टीची जोड नसेल, तर तो पक्ष्यालाही आणि पाळणाऱ्यालाही अपायकारक ठरू शकतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

कॉकाटील हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी. लांबी ३० ते ३३ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० ग्रॅम. राखाडी अंग, पंखावर पांढरा पट्टा, गालावर नारिंगी ठिपका आणि मनःस्थितीप्रमाणे उभा-आडवा होणारा तुरा ही त्याची ओळख. नीट सांभाळल्यास तो १५ ते २० वर्षे जगतो. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे पुष्कळ सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. कॉकाटील मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला परदेशी पक्षी असून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत त्याचा समावेश नाही.

मादी दीड वर्षाची झाल्यावरच जोडी लावावी. लाकडी पेटीत ती दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. दिवसा बहुधा नर आणि रात्री मादी अशी पाळी लावून दोघे ती १८ ते २१ दिवस उबवतात. पिल्ले साधारण पाचव्या आठवड्यात पेटीबाहेर येतात. पुढेही काही आठवडे आईबापच त्यांना भरवतात. वर्षातून दोन विणींनंतर पेटी काढून घ्यावी. वारंवार विणीने मादीचे कॅल्शियम घटते, अंडे अडकते आणि ती दगावूही शकते. राळा, बाजरी व हिरव्या भाजीबरोबर समुद्रफेस पिंजऱ्यात असावाच.

आता आनुवंशिकतेकडे वळू. माणसात पुरुषाची लिंगगुणसूत्रे भिन्न असतात, पक्ष्यांत मादीची. ‘ल्युटिनो’ हा पिवळसर-पांढरा रंग लिंगनिगडित व अप्रभावी आहे. त्यामुळे ल्युटिनो नर आणि शुद्ध राखाडी मादी यांच्या सर्व मुली ल्युटिनो होतात. सर्व मुलगे दिसायला राखाडी, पण वाहक. रंगांध स्त्री आणि निरोगी पुरुष यांच्या संततीचे जे चित्र आपण पाठ्यपुस्तकात पाहिले, त्याचीच ही उलटी प्रतिमा! मात्र रंगाच्या हव्यासाने ल्युटिनोशी ल्युटिनो सतत जुळवले, की तुऱ्यामागे टक्कल पडलेली पिल्ले वाढत जातात. त्यावर उपाय एकच : दाट पिसांच्या, सशक्त राखाडी पक्ष्याशी संबंध जोडणे.

प्रदर्शनाचे महत्त्व येथेच आहे. परीक्षक केवळ रंग पाहत नाही. बांधा, उभे राहण्याची ढब, तुरा, पिसांची प्रत आणि माणसांसमोर टिकणारी शांत वृत्ती यांना गुण असतात. पिल्लू आठ-दहा दिवसांचे असताना पायात बिनजोड कडे घालतात. पुढे पाय वाढल्यावर ते घालता येत नाही, म्हणून त्यावरील वर्ष आणि क्रमांक पक्ष्याचा जन्मदाखला ठरतो. त्याला जोडून वंशावळीची वही ठेवली, तर सख्ख्या भावंडांची जोडी लागण्याचा धोका टळतो. वहीशिवाय मिळालेली ढाल म्हणजे रुग्णाचा पूर्वेतिहास न घेता लिहिलेली चिठ्ठी!

प्रदर्शनाहून परतलेला वा नव्याने आणलेला पक्षी ३० दिवस वेगळा ठेवावा. ताप्ती रेल्वेमार्गावरील आपल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. देशातील ती पहिली नोंद. विलगीकरणाचे मोल आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. उत्तरायणात पिंजरे घरात घ्यावेत. गोंगाटाने व अंधारातील भीतीने हे पक्षी सैरभैर होऊन जखमी होतात. रात्री मंद दिवा ठेवावा.

शेवटी डॉक्टर बंधु-भगिनींसाठी. कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. ती आणि विष्ठेची धूळ श्वासावाटे जाऊन अतिसंवेदनशील न्यूमोनायटिस होऊ शकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत इंटरस्टिशियल फुप्फुसविकाराच्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच विकार होता. कारणांत पक्ष्यांबरोबर एअर कूलरही होते. सिटाकोसिस विरळा खरा, पण डॉक्सिसायक्लिनने बरा होणारा. निदान तेवढे सुचायला हवे. आपल्या वस्तीत कापसाच्या तंतूंचा आणि क्षयाचा संशय आपल्याला लगेच येतो. ‘घरात पक्षी आहेत का?’ हा प्रश्न मात्र राहून जातो. तो केसपेपरवर यावा. पाळणाऱ्यांनी पिंजरा शयनगृहात ठेवू नये, ओल्या फडक्याने पुसावा, मुखपट्टी वापरावी. आणि दमा वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी या छंदाला दुरूनच दाद द्यावी.

पक्ष्याचे सौंदर्य त्याच्या आरोग्यात असते आणि छंदाचे सौंदर्य जबाबदारीत. ढाल मिळो वा न मिळो, वहीचे पान मात्र कोरे राहू नये.