घरकुल मंजूर झालं, आता कर्ज किती काढायचं?



घरकुलाची मंजुरी पत्रं गावात आली की ग्रामसंघाच्या बैठकीत बाकीचे विषय मागे पडतात. "ताई, हे पैसे किती वर्षांत फेडायचे?" इथपासून ते "बँकवाला म्हणतो आठ-अ चालत नाही, मग काय चालतं?" इथपर्यंत प्रश्न येतात. काहींची उत्तरं सोपी असतात. काहींना मात्र वही-पेन घेऊन बसावं लागतं, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत घरकुलात, मिळणारी रक्कम हे कर्ज नाही, अनुदान आहे. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार. व्याज नाही, जामीनदार नाही, परतफेड नाही. पण हप्ता उचलून घर बांधलंच नाही, तर ती रक्कम वसूल करतात, नोटीस येते. त्यामुळे पहिला हप्ता खात्यावर पडला आणि त्यातून मोटारसायकलचा थकलेला हप्ता भरला, असं करू नका. हे काल्पनिक उदाहरण नाही, तुम्हालाही माहीत आहे.

अनुदानाशिवाय दोन रकमा असतात, त्या बायका विचारत नाहीत म्हणून राहून जातात. एक, शौचालयाचे १२ हजार. दुसरी, रोजगार हमीतून स्वतःच्या घराच्या कामाची मजुरी, सपाट भागात ९० दिवसांची आणि डोंगराळ भागात ९५ दिवसांची. त्यासाठी जॉबकार्ड हवं आणि मस्टरवर नाव लागायला हवं. काम सुरू व्हायच्या आधीच ग्रामरोजगार सेवकाला गाठा. भिंती उभ्या राहिल्यावर मस्टर निघत नाही. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना राज्य शासनाने आणखी ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली आहे. त्यातले ३५ हजार घरासाठी, तर १५ हजार छतावर सौर यंत्रणा बसवली तर. तुमचं घरकुल कोणत्या टप्प्यातलं ते पंचायत समितीत विचारून घ्या.

आता खरी अडचण. अनुदान एकदम मिळत नाही. जोतं झालं, भिंती वर आल्या, छत पडलं, अशा पायऱ्यांवर अभियंता मोबाईलमधून जागेसकट फोटो काढतो आणि मग पुढचा हप्ता सुटतो. म्हणजे काम आधी, पैसे नंतर. जोत्याचं सिमेंट, खडी, गवंड्याची उचल हे हातातून घालावं लागतं. बहुतेक कर्ज इथेच काढलं जातं, आणि तेही घाईत, दारात येऊन देणाऱ्याकडून.

घाई होण्याचं आणखी एक कारण म्हणजे घराचा आकार. योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. पण आपल्याकडे भावकीतल्या कुणाचं मोठं घर शेजारी असलं की गवंड्याला आपणही "तेवढंच काढा" म्हणतो. हिशोब करून बघा. समजा, गवंड्याने सगळं मिळून चौरस फुटाला १,२०० रुपये सांगितले. २७० फुटांचे होतात ३ लाख २४ हजार. ५०० फुटांचे ६ लाख. अनुदान दोन्हीकडे सारखंच, १ लाख २० हजार. म्हणजे पहिल्या घरात दोन लाखांच्या आसपास कमी पडतात. त्यातले काही शौचालयाच्या रकमेतून आणि मजुरीतून निघतात, काही बचतीतून, काही घरच्यांच्या अंगमेहनतीतून. दुसऱ्या घरात पावणेपाच लाखांच्या वर कमी पडतात. ते फक्त कर्जातून येतात, आणि ते कर्ज मिळेपर्यंत घर बिनछपराचं उभं राहतं. माझं स्पष्ट मत आहे की आधी २७० फुटांचं पूर्ण करावं. पुढे खोली वाढवायची असेल तर तशी जागा सोडून नकाशा काढावा. पाया एका बाजूला वाढवता येतो, हप्ते कमी करता येत नाहीत.

"घरकुलावर सरकारी कर्ज मिळतं म्हणतात, ते काय?" योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे की लाभार्थ्याची इच्छा असेल तर त्याला ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून देण्यास मदत करायची. मदत करायची, म्हणजे द्यायचंच असं नाही. निर्णय बँकेचा. ती तुमचं उत्पन्न आणि जुन्या कर्जांची परतफेड पाहते. मंजुरीपत्र, खात्याचं पासबुक आणि गटाचा परतफेडीचा दाखला घेऊन बँकसखीला सोबत न्या. एकटीने गेल्यावर आणि बँकसखीबरोबर गेल्यावर मिळणारं उत्तर बऱ्याचदा वेगळं असतं, का ते तुम्ही ओळखालच.

गटातून घरासाठी कर्ज घेता येतं का? येतं. गटाला मिळालेलं बँक कर्ज सदस्य घराच्या बांधकामाला, दुरुस्तीला, शौचालयाला, जास्त व्याजाचं जुनं कर्ज फेडायला वापरू शकतात, हे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातच आहे. गटाला १० लाखांपर्यंत कर्ज देताना बँकेने तारण मागायचं नाही, गटाची बचतही अडकवून ठेवायची नाही. महिला गटांच्या ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याजदर आहे. यापेक्षा स्वस्त पैसा तुम्हाला घरबसल्या कोण देईल?

पण इथे एक मर्यादा आहे आणि ती मला योग्य वाटते. त्याच परिपत्रकात म्हटलंय की २ लाखांच्या वरच्या कर्जातला किमान निम्मा, ४ लाखांच्या वरच्या कर्जातला ७५ टक्के आणि ६ लाखांच्या वरच्या कर्जातला ८५ टक्के भाग उत्पन्न देणाऱ्या कामाला जावा. समजा, तुमच्या गटाला ५ लाख मिळाले. त्यातले ३ लाख ७५ हजार शेळी, शिलाई, दुकान, बी-बियाणं यांसाठी. उरलेले सव्वा लाख घर, आजारपण, जुनं कर्ज या सगळ्यांत वाटायचे. दहा जणींपैकी तिघींची घरकुलं एकाच वर्षी निघाली, तर कुणाला किती हे बैठकीत ठरवा आणि ठरावात लिहा. अध्यक्ष-सचिवांनी बँकेच्या दारात ठरवायचं नाही. काही गटांत अंतर्गत कर्जाला महिना २ टक्के व्याज आहे, त्यावर कुरकूर होते. पण ते व्याज गटातच राहतं, हेही लक्षात घ्या.

दारात येणाऱ्या फायनान्सवाल्यांबद्दल. त्यांच्याकडून घेऊच नका, असं मी म्हणणार नाही, कारण पाऊस तोंडावर असताना छत टाकायचं असेल तर माणूस घेतोच. फक्त नियम माहीत असू द्या. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं हे सूक्ष्म कर्ज बिनतारणी असतं. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात महिन्याला १२ हजार येत असतील, तर बँक, गट, मोटारसायकल, फायनान्स सगळं धरून ६ हजार ही शेवटची मर्यादा. हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायला परवानगी नाही. आणि एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घेतलं, की हिशोब तुमच्या हातातून गेला. तशी वेळ आली तर आधी ग्रामसंघात बोला.

व्याजाचा दर ऐकताना एक शब्द नक्की विचारा: फ्लॅट की घटत्या शिलकीवर? १ लाख रुपये, ३ वर्षं, १२ टक्के. घटत्या शिलकीवर महिन्याचा हप्ता येतो ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज साधारण १९,६०० रुपये. तोच १२ टक्के फ्लॅट असेल, तर हप्ता ३,७७८ आणि व्याज ३६,००० रुपये. दर तोच बोलला जातो, फरक सोळा हजारांचा. म्हणून तोंडी दरावर सही करू नका. कर्ज देणाऱ्याने तुम्हाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात वर्षाचा खरा दर, प्रक्रिया शुल्क, विम्याचे कापलेले पैसे सगळं असतं. "५० हजार मंजूर झाले आणि हातात ४७ आले" याचं उत्तर त्याच कागदावर सापडेल.

सहीचं आणखी एक. नवऱ्याच्या किंवा दिराच्या कर्जावर "फक्त एक सही कर" म्हणतात, तेव्हा ती सही कुठे आहे ते वाचा. सहकर्जदार असाल तर पूर्ण कर्ज तुमचंही आहे. जामीनदार असाल तर त्याने नाही भरलं की बँक तुमच्याकडे येऊ शकते, तीही अर्ध्यासाठी नाही, सगळ्यासाठी. आणि सही तुमची असेल तर घरावर नाव का नसावं? घरकुल शक्यतो पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने द्यायचं, असं योजनेतच आहे. ग्रामपंचायतीच्या नोंदीतही ते तसं आलं का ते बघून घ्या.

आता त्या आठ-अ कडे येऊ. गाव नमुना आठ-अ हा तलाठ्याकडचा, शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घराचा असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी. बँक मोठ्या गृहकर्जाला घर गहाण घेते, आणि आकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही म्हणून ती अडते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. ती बँकेला चालण्याची शक्यता जास्त. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिका काढा, नाव-क्षेत्र तपासा आणि चूक असेल तर लगेच अर्ज द्या. नावात "बाई" राहिलं की आधारशी जुळत नाही, मग दोन महिने त्यातच जातात. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेबद्दल ग्रामसेवकाला विचारा.

मुलगा-सून पुण्या-नाशकाकडे असतील आणि तिकडे घर घेत असतील, तर त्यांच्यासाठी शहरी आवास योजना २.० मध्ये व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुल घेतलेलं नसावं. म्हणून गावचं घरकुल कुणाच्या नावावर घ्यायचं, हे मुलाशी आधी बोलून घ्या.

कर्ज फिटल्यावर काम संपत नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. गहाण ठेवलेले मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे आहेत. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढवला असेल, तर तोही कमी करून घ्या. सातबाराचा तलाठ्याकडे, मिळकत पत्रिकेचा भूमी अभिलेख कार्यालयात. बोजा आपोआप उतरत नाही. नवा उतारा काढून, तो गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.