न दिसणारं विमान

१९८८ च्या पावसाळ्यात मामू कुवेतहून सुटीवर आले ते कमोडोर ६४ घेऊनच. कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर, स्मृती अवघी ६४ केबी आणि पडद्याच्या जागी घरातला टीव्ही! फ्लॉपीवर खेळ होता 'प्रोजेक्ट स्टेल्थ फायटर', १९८७ सालचा. तो काढणाऱ्या मायक्रोप्रोज कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी सिड मायर प्रोग्रामर, तर बिल स्टीली अमेरिकी हवाई दलातले माजी वैमानिक.

इतर खेळांत दिसेल त्यावर गोळ्या झाडायच्या. इथं कसब होतं ते न दिसण्याचं. रडार रेडिओलहरी सोडतं आणि विमानावर आपटून परतणाऱ्या लहरींवरून त्याचा ठाव घेतं. लहरी कमी परतल्या, तर विमान फार जवळ येईतो कळत नाही. आपण रडारला किती दिसतो, हे कॉकपिटमधली एक पट्टी सांगे. उंच गेलं की ती वाढे, बॉम्बचा दरवाजा उघडला की आणखी वाढे. म्हणून जमिनीलगत उडायचं आणि दरवाजा अगदी शेवटी उघडायचा.

गंमत बघा, खऱ्या विमानाचा आकार तेव्हा जगाला ठाऊकच नव्हता. लॉकहीडचं एफ-११७ हे विमान १९८१ पासून उडत होतं, पण अमेरिकेनं त्याची कबुली दिली नोव्हेंबर १९८८ मध्ये. खेळातलं विमान अंदाजानं काढलेलं, गोलाईचं. खरं निघालं कोनाकोनांचं. कारण ७० च्या दशकातल्या कॉम्प्युटरला सपाट पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरींचाच हिशेब झेपत होता. त्या हिशेबामागचं गणित मात्र सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांचं, १९६२ साली रशियनमध्ये छापलेलं!

खेळात लिबिया होता, युरोप होता आणि पर्शियन आखातही. आखातावर मी रोज खेपा करी. पडद्यावर नुसत्या रेषा आणि ठिपके.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत व्यापलं. मामू बसनं बगदादमार्गे अम्मानला पोचले. तिथून १ लाखाहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी आले, त्यांत तेही होते. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे एफ-११७ नं बगदादवर बॉम्ब टाकले. मामू रेडिओला कान लावून होते. म्हणाले, "त्या शहरात एका म्हातारीनं आम्हांला पाणी पाजलं होतं रे." १३ फेब्रुवारीला याच विमानांच्या दोन बॉम्बनी अमिरिया इथल्या निवाऱ्यात ४०० हून अधिक नागरिकांचा बळी घेतला.

त्यानंतरही मी तो खेळ खेळलो, नाही असं नाही. पण आखात निवडायला हात धजला नाही. आपण वरून किती दिसतो, हे सांगणारी पट्टी त्यात होती. खाली कोण आहे, हे सांगणारी नव्हती.